शब्दचर्चा: ‘उड्या मारणारी जनुके’ म्हणावं का?

प्रश्न: डीएनएचा जो तुकडा स्वतः किंवा नक्कल करून डीएनएत नव्या जागी जाऊन बसतो, त्या ‘ट्रान्सपोझेबल एलिमेंट’साठी एका ठिकाणी ‘उड्या मारणारी जनुके’ वाचलं, दुसरीकडे ‘स्थानांतरणक्षम घटक’. माणसाच्या आजारांबद्दल लिहायचं असेल तर कोणता शब्द घ्यावा? आणि ‘टाकाऊ डीएनए’ म्हणतात तो हाच का?

प्रतिसाद: ‘उड्या’ हा शब्द मक्याला शोभतो. जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिन्टॉक यांनी १९४०च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके अभ्यासले. रंगाच्या जनुकात डीएनएचा एक तुकडा घुसून बसला की दाणा बिनरंगी होतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा निघून गेला, तर तिच्यापासून झालेल्या पेशींत रंग परततो आणि ठिपका दिसतो. ही खरीच उडी. या कामाला नोबेल मिळालं ते थेट १९८३ मध्ये.

माणसात असे कापून निघणारे तुकडे जीनोमच्या (पेशीतल्या एकूण डीएनएच्या) जेमतेम ३ टक्के आहेत, आणि तेही केव्हाच निष्क्रिय झालेले. आपल्यात आजही हालचाल करतात ते रेट्रोट्रान्सपोझॉन. त्यांची मूळ प्रत जागची हलत नाही. तिच्यावरून आरएनए बनतो, त्यावरून उलट डीएनए तयार होतो आणि तो भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. पोथी जागेवर ठेवून तिची नक्कल दुसऱ्या घरी जावी, तसं. म्हणूनच यांची संख्या एवढी फुगली. यांतले दोन प्रकार पाहा: ‘एल-१’च्या सुमारे ५ लाख प्रती, ‘अलू’च्या १० लाखांहून जास्त. एल-१च्या बहुतेक प्रती अर्धवट, मोडक्या आहेत. नक्कल करू शकतील अशा शंभराच्या आतबाहेर.

‘जनुक’ हा शब्दही इथे खटकतो. अलू जेमतेम ३०० डीएनए-अक्षरांचा, स्वतःचं एकही प्रथिन बनवत नाही. एल-१ची यंत्रणा वापरून तो आपली नक्कल करून घेतो.

१९८८ मध्ये जनुकशास्त्रज्ञ हेग कझाझियन यांच्या गटाला हिमोफिलिया-ए (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या दोन रुग्णांत, रक्त गोठवणाऱ्या ‘घटक-८’ या प्रथिनाच्या जनुकात एल-१ घुसलेला सापडला. आईवडिलांच्या त्या जनुकात तो नव्हता. पुढे त्यांतल्या एका रुग्णाच्या बाबतीत माग काढला, तेव्हा मूळ प्रत आईच्या २२व्या गुणसूत्रावर शाबूत मिळाली. गोरिलातही त्याच जागी एल-१ आहे, म्हणजे ती प्रत लाखो वर्षं तिथेच बसून आहे! तिला ‘उडी मारणारी’ कसं म्हणणार?

प्रश्नकर्ता: मग ‘चल घटक’ चालेल?

प्रतिसाद: सर्वसाधारण लेखात चालेल, सुटसुटीत आहे. फक्त वरच्या उदाहरणात पाहा: ‘घटक-८’ आणि ‘चल घटक’ एकाच वाक्यात आले की वाचक अडखळतो. आजारांबद्दल लिहिताना मी सरळ ‘ट्रान्सपोझॉन’ (ट्रान्सपोझेबल एलिमेंटचंच छोटं नाव) किंवा नेमकं नाव, एल-१, अलू, असं लिहीन.

दुसरा प्रतिसाद: एक भर घालतो. काही आजारांत कुणी हलतच नाही. शेजारशेजारच्या दोन अलू इतक्या सारख्या असतात की पुनर्संयोजनाच्या (डीएनएचे सारखे भाग जुळून अदलाबदल होण्याच्या) वेळी त्यांची गफलत होते आणि मधला तुकडा गळून जातो. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए-१ जनुकातल्या काही उत्परिवर्तनांचं कारण हेच. तिथे ‘अलूंमधलं चुकीचं पुनर्संयोजन’ असं उलगडूनच लिहावं. नुसतं ‘चल घटकांमुळे’ म्हटलं तर वाचक नवी प्रत घुसली असं समजेल.

पहिला प्रतिसादक: अगदी बरोबर. आता ‘टाकाऊ’बद्दल. जीनोमचा जवळपास निम्मा भाग या घटकांपासून आलेला आहे, आणि त्या सगळ्याला टाकाऊ म्हणणं चूक आहे. गर्भाच्या वारेत पेशी एकमेकींत मिसळवणारं सिन्सिटिन हे प्रथिन मुळात एका प्राचीन रेट्रोव्हायरसच्या (आरएनएवरून डीएनए बनवून तो पेशीच्या डीएनएत घुसवणाऱ्या विषाणूच्या) आवरणाचं. प्रतिपिंडांची विविधता घडवणारं आरएजी-१ हे जनुकही प्राचीन ट्रान्सपोझॉनकडून आलं. पण म्हणून हल्ली ‘टाकाऊ काहीच नाही’ असं लिहितात, तेही मला पटत नाही. मोडून पडलेल्या लाखो प्रतींना काही काम आहे असं दिसत नाही. प्रथिन न बनवणाऱ्या डीएनएला ‘असांकेतिक’ म्हणावं. ‘टाकाऊ’ हा निवाडा आहे, तो त्या त्या तुकड्याचं काम तपासूनच द्यावा.