कुंडीतलं आजारी झाड परत नर्सरीत दाखवायला नेतं का कोणी?

कोरडीकुंडी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. मला झाडांतलं काडीचं कळत नाही हे आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी ओरडायला नको. वर्षभरात चार झाडं मारली, त्यातलं एक स्नेक प्लांट होतं, जे म्हणे कधी मरतच नाही. आता पाचवं आणि सहावं रांगेत आहेत.

पाचवं म्हणजे पीस लिली. दीड महिन्यापूर्वी घराजवळच्या नर्सरीतून आणली. पाणी किती घालू विचारलं तर तिथले काका म्हणाले रोज घाला थोडं थोडं. मी इमानेइतबारे रोज सकाळी एक कप घालतेय. आणल्या दिवशीच मोठ्ठ्या छान कुंडीत लावली, तळाशी खडे बिडे टाकून, व्हिडिओत दाखवतात अगदी तसं. दोन आठवडे मस्त होती, मग खालची पानं पिवळी पडायला लागली आणि आता तर अख्खं झाड मान टाकून बसलंय. तहानलं असेल म्हणून अजून पाणी घातलं, तरी उठत नाही. मातीजवळ नाक नेलं की कुबट वास येतो, आणि बारीक बारीक चिलटं उडतात ती वेगळीच.

सहावं जास्वंद. कळ्या येतात आणि न उमलताच गळतात. शेंड्यांना कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय. शिवाय मातीत पिवळे गोल गोल मणी सापडले, गोगलगायीची अंडी वाटली म्हणून चिमट्याने एकेक वेचून फेकून दिले. बरोबर केलं ना?

आता खरा प्रश्न. नर्सरीत परत जाऊन विचारायची लाज वाटते. "ताई, तुम्ही मारलंत" असं म्हणतील असं वाटतं. आणि गेले तरी विचारू काय? मागच्या वेळी विचारलं, त्यांनी सांगितलं, मी तसंच केलं, आणि हे असं झालं. तुम्ही लोक नर्सरीवाल्यांकडून शिकता कसे?

हातालामाती

मणी फेकलेस?? अगं ते खत होतं 😄 स्लो रिलीज खताचे दाणे असतात ते, वर पातळ आवरण असतं त्यातून तीनचार महिने हळूहळू खत सुटत राहतं. असो, जास्वंद त्यावाचून मरणार नाही, पण पुढच्या वेळी दाणा बोटात दाबून बघ.

पीस लिलीचं पाणी आजपासून बंद. तहानलेली पीस लिली पण अशीच मान टाकते, फरक एवढाच की तिला पाणी दिलं की काही तासांत उभी राहते. माती ओली असून मान खाली म्हणजे मुळं कुजायला लागलीत आणि पाणी असून ते वर चढवता येत नाहीये. मुळांना पाणी लागतं तशी हवा पण लागते, आणि मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ती गुदमरतात, बाकी काम बुरशी करते. चिलटांचं पण तेच, त्यांच्या अळ्या वरच्या इंचभर ओल्या मातीत राहतात, माती सुकू दिलीस की आपोआप कमी होतील.

हळूच कुंडीतून बाहेर काढ आणि मुळं बघ. पांढरी आणि घट्ट असतील ती चांगली. तपकिरी, बुळबुळीत, ओढली की वरची साल सुटून आत दोरा राहतो अशी असतील ती गेली. फोटो टाक इथे.

आणि तळाच्या खड्यांनी पाण्याचा निचरा होत नाही बरं का, हे सगळीकडे सांगतात आणि सगळीकडे चुकीचं सांगतात. बारीक मातीतलं पाणी माती पूर्ण तुडुंब झाल्याशिवाय खालच्या जाड खड्यांत उतरत नाही, त्यामुळे ओला थर होता तेवढाच राहतो, फक्त खड्यांच्या उंचीएवढा वर सरकतो, मुळांच्या अजून जवळ. भोक मोठं असलं की झालं, त्यावर जाळीचा एखादा तुकडा ठेव.

तिसरामजला

नर्सरीवाल्यांवर माझा फार भरवसा नाही. विचारायला एक गोष्ट जा, हातात चार पिशव्या घेऊन बाहेर या. टॉनिक घ्या, कुंडी घ्या, अजून एक झाड घ्या. पीस लिली विकताना हवा शुद्ध करते पण सांगितलं असेलच. तो नासाचा १९८९ चा अभ्यास बंद पेटीत झाडं ठेवून केलेला होता. २०१९ मध्ये अशा सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला त्यात घरात एरवी आतबाहेर खेळणारी हवा जेवढी सफाई करते तेवढी झाडांकडून हवी असेल तर दर चौरस मीटरला निदान १० झाडं लागतील, १००० पण लागू शकतात असं निघालं. म्हणजे माणसांनी बाहेर झोपायचं.

आवडतं म्हणून ठेवा, बाकी विक्रीच्या गप्पा. आणि घरात मांजर असेल तर पीस लिली आणि मनी प्लांट दोन्ही उंचावर ठेव, चावलं तर तोंडाची आग होते आणि लाळ गळत बसते.

शेडनेटखाली

मी सहा वर्षं एका नर्सरीत काम केलंय, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. तिसरामजला म्हणतात ते अगदीच खोटं नाही, पण काकांनी "रोज पाणी" सांगितलं ते फसवायला नव्हे. ते त्यांच्या डोळ्यासमोरच्या झाडाचं उत्तर होतं.

नर्सरीत झाड असतं छोट्या काळ्या पिशवीत, मुळांनी पिशवी खच्चून भरलेली, मिश्रण हलकं, बऱ्याचदा नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वर शेडनेट, म्हणजे ५० नाहीतर ७५ टक्के ऊन अडवणारी जाळी, चारी बाजूंनी वारा. सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत संपतं, तिथे रोजच द्यावं लागतं. तू ते घरी आणलंस, तिप्पट मोठ्या कुंडीत जड माती भरून लावलंस आणि खोलीत ठेवलंस. मूठभर मुळं आणि बादलीभर ओली माती. ती मुळं पिणार किती?

उजेडाचा पण हिशोब बघ. उघड्यावर भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, शेडनेटखाली त्याच्या निम्मा चौथा काहीतरी, आणि खोलीच्या आत खिडकीपासून लांब गेलं की दोनचारशे लक्स. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून आपल्याला खोली लख्ख वाटते, झाडाच्या दृष्टीने ती अंधारीच. उजेड कमी म्हणजे झाडाचं काम कमी, म्हणजे पाणी कमी. म्हणून "किती दिवसांनी पाणी घालू" या प्रश्नाचं उत्तर नर्सरीवाला देऊच शकत नाही, त्याने तुझी खिडकी बघितलेली नसते.

त्याला विचार की हे कुठल्या मिश्रणात लावलंय, इथे सावलीत होतं की उन्हात, पिशवी बदलून किती दिवस झाले, खत कधी टाकलं. आणि फोनमध्ये जागेचा फोटो घेऊन जा, दुपारच्या वेळचा, म्हणजे उजेड कळतो. मी तिथे होतो तेव्हा कोणी असा फोटो दाखवला की आम्ही खूश व्हायचो, कारण मग जास्वंद मागायला आलेल्या माणसाला सांगता यायचं की बाबा रे इथे जास्वंदीला फुलं येणार नाहीत, झीझी प्लांट घेऊन जा. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मात्र जाऊ नको, तेव्हा स्वतःचं नाव सांगायला वेळ नसतो कोणाला. मधल्या वारी सकाळी जा, पाणी मारायचं काम चालू असतं तेव्हा. आणि मुख्य म्हणजे माळीकामाला जो असतो त्याला गाठ, गल्ल्यावरच्याला नाही.

आजारी झाड आणायची लाज कसली, लोक आणायचे की. फक्त कीड लागलेलं झाड तसंच उघडं घेऊन आत शिरू नको, आमचा जीव जायचा तेव्हा. एक फांदी तोडून पारदर्शक पिशवीत घाल, तोंड बांध आणि ती दाखव. तुझं ते जास्वंदीवरचं कापसासारखं म्हणजे मिलीबग, पिठ्या ढेकूण. बाकी झाडांपासून ती कुंडी आजच लांब ठेव.

कोरडीकुंडी

काढलं कुंडीतून. फोटो टाकायची हिंमत नाही, वर्णन करते. वर्तमानपत्र पसरून कुंडी आडवी केली आणि थोपटली तर मातीचा गोळा पचकन बाहेर आला, खालचा भाग काळा आणि वास गटारासारखा. मुळं खालची सगळी तपकिरी, हातात घेतली तर सालं निघून आली, अगदी हातालामाती म्हणतात तसा आत दोरा. वरच्या बाजूला आठदहा मुळं पांढरी आहेत. पण ऐका, मधोमध एक जाळीदार कप सापडला! पातळ कापडासारखा, त्याच्या आत मुळं कोंबलेली आणि माती दगडासारखी. हे काय असतं? हे काढून लावायचं होतं का? मला कोणीच सांगितलं नाही.

शेडनेटखाली

हो, रोप लहान असताना त्या जाळीत वाढवतात, मग तसंच पिशवीत बसवतात. काही जाळ्या मातीत कुजतात, काही वर्षानुवर्षं तशाच राहतात. तुझी न कुजणारी दिसतेय. कात्रीने उभी कापून सोलून काढ, मुळं तुटली चारदोन तर तुटू देत. बाकी सगळं घेऊन उद्या नर्सरीत जा, खरंच जा.

पेरापेराने

जास्वंदीचं मी सांगते, माझ्याकडे दोन वर्षं हीच लढाई चालू होती. आधी जास्त भरलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकून दे, मातीत टाकू नको. उरलेल्यांवर कानकोरणीचा कापूस ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून टिपायचं, पांढऱ्याला लागलं की ते लगेच तपकिरी पडतं, बघायला वाईट समाधान मिळतं. मग एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली नीम तेल आणि द्रवसाबणाचे काही थेंब, खूप हलवून, संध्याकाळी ऊन गेल्यावर पानांच्या खालून फवारायचं. उन्हात मारलंस तर पानं भाजतात. सात दिवसांनी परत, आणि त्यानंतर सात दिवसांनी परत, कारण अंडी वाचतात आणि एकदा मारून आपण निर्धास्त झालो की तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कापूस.

मुंग्या दिसतात का खोडावर? मिलीबग गोड चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांना जपतात, मुंग्यांचा बंदोबस्त नाही केलास तर सगळं वाया.

कळ्या गळायला पाण्याची ओढाताण पण कारण असते, एक दिवस चिखल आणि चार दिवस रखरखीत असं चालत नाही जास्वंदीला. खत आत्ता नको, आजारी झाडाला खत देऊ नये.

तिसरामजला

कानकोरणीने अख्खं जास्वंद? नोकरी वगैरे करता की नाही

पेरापेराने

करते की. मीटिंग चालू असताना करते 😌

कोरडीकुंडी

जाऊन आले!! माळीदादाच भेटले, गल्ल्यावरचे काका नव्हतेच. "मारलंत" वगैरे काही म्हणाले नाहीत. झाड हातात घेतलं, मुळांचा वास घेतला, आणि न बोलता कात्री पुसून सगळी तपकिरी मुळं छाटून टाकली. मला धस्सच झालं, म्हटलं राहिलं काय. मग पानं पण निम्मी कापली, म्हणे एवढी मुळं एवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. आणि मग मी नवीन मोठी कुंडी बघत होते तर म्हणाले काय करायचीय, आणि मागून एक वापरलेली छोटी प्लास्टिकची कुंडी काढून दिली, माझ्या वीतेपेक्षा लहान. माती, कोकोपीट आणि गांडूळखत त्यांनीच कालवलं, थोडं परलाइट, म्हणजे ते पांढरे हलके दाणे, घातलं. मी विचारलं पाणी किती दिवसांनी, सवयीने, तर हसले आणि कुंडी माझ्या हातात दिली. म्हणाले आत्ताचं वजन लक्षात ठेवा. मग शेजारची सुकलेली तेवढीच कुंडी दुसऱ्या हातात दिली. अहो केवढा फरक! पिसासारखी हलकी होती ती. म्हणाले हिच्यासारखी लागली की घाला, भोकातून खाली येईपर्यंत घाला, बशीत साचलेलं ओतून टाका. रोज कपभर नको, त्याने वर ओलं राहतं नाहीतर खाली डबकं.

जास्वंदीची फांदी पिशवीतून दाखवली, त्यांनी पेरापेराने यांच्यासारखंच सांगितलं, फक्त कानकोरणीऐवजी जुना टूथब्रश म्हणाले. आणि स्नेक प्लांट कसं मेलं तेही विचारलं त्यांना. त्याला रोज पाणी घालत होते मी. ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत.

हातालामाती

वजनाची युक्ती भारी आहे, मी दहा वर्षं मातीत दोन पेरं बोट खुपसून बघतोय. मोठ्या कुंड्यांना मात्र बोटच, उचलायला गेलो तर कंबर जाईल. लाकडी काडी खुपसून बाहेर काढली तरी चालते, माती चिकटली तर थांबायचं. एक लक्षात ठेव, कोकोपीट पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही, कडेने सरळ खाली पळतं आणि आपल्याला वाटतं झाड भिजलं. तसं झालं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवायची, खालून पिते.

दोन आठवडे पीस लिलीकडून काही अपेक्षा नको. अजून एकदोन पानं जातील, घाबरू नको, आणि मुख्य म्हणजे उपटून बघू नको. मी बघितलंय लोकांना दर चार दिवसांनी मुळं तपासताना.

कोरडीकुंडी

उपटायचा विचार आला होता काल 🙈 ठीक, नाही उपटत. आता ती मोठी कुंडी रिकामी आहे आणि मला तिच्यात मोगरा लावायचाय, गॅलरीत.

शेडनेटखाली

गॅलरीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं? मोगऱ्याला फुलं हवी तर निदान पाच सहा तास थेट ऊन पाहिजे. एक दिवस तासातासाने फोटो काढ आणि ते फोटो घेऊन जा माळीदादांकडे. आणि मोठी कुंडी आत्ता तशीच राहू दे रिकामी.