एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) नॉर्मल, तरी करंगळीला मुंग्या. पुढे कोणती तपासणी?

निळीशाई:
दोन महिने झाले, उजवी करंगळी आणि अनामिका बधिर होतायत. केस विंचरायला, दोरीवर कपडे टाकायला हात वर गेला की मुंग्या. खाली घेतला की ओसरतात. मानेच्या एमआरआयमध्ये काही नाही. एनसीव्हीही नॉर्मल. आता डॉक्टर 'थोरॅसिक आउटलेट' म्हणतायत, म्हणजे कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या बेचक्यात नस (मज्जातंतू) दबतेय. एक्स-रे, डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी), एमआर अँजिओ (एमआरआयवर रक्तवाहिन्यांचं चित्र) लिहून दिलंय. सगळं लागतंच का?

फिजिओताई:
एक्स-रे आधी. मानेपाशी जास्तीची बरगडी आहे का ते कळतं. शंभरात जेमतेम एखाद्याला असते, आणि असली तरी बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो. एनसीव्ही नॉर्मल म्हणून निदान बाद होत नाही. या दुखण्यात ते बरेचदा नॉर्मलच येतं. रिपोर्टात 'मेडियल अँटेब्रेकियल क्युटेनियस' आहे का बघा. कोपराखालच्या आतल्या बाजूची ही नस नेहमीच्या तपासणीत राहून जाते.

निळीशाई:
नाहीये! फक्त मेडियन आणि अल्नर, हाताच्या दोन मुख्य नसा.

जुनंदुखणं:
मग तेवढी करून घ्या. माझ्या बाबतीत मान वळवून मनगटाची नाडी पाहिली, ती गेली, लगेच 'पॉझिटिव्ह'. दुसऱ्या डॉक्टरांनी सोबत आलेल्या बायकोचीही तशीच पाहिली, तर तिचीही गेली. तिला काडीचा त्रास नाही. त्या नाडीवर फार विसंबू नका. आणि डॉपलर हात खाली आणि वर, दोन्ही स्थितींत झालं पाहिजे. माझं पहिलं हात बाजूला ठेवून झालं, अर्थात स्वच्छ आलं. चिठ्ठीवर तसं लिहूनच घ्या.

फिजिओताई:
अँजिओबद्दल डॉक्टरांना विचारा: रक्तवाहिनीची शंका आहे, की फक्त नसेची? फक्त नसेची असेल तर ते थांबू शकतं. पण हात अचानक सुजला, निळसर पडला किंवा पांढराफटक, गार झाला, तर इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. गुठळी असू शकते.

निळीशाई:
तसं काही नाही. या दुखण्यासाठी हात वर करून मुठी उघडझाप करायची चाचणी असते, ती घरी करून पाहू का?

जुनंदुखणं:
पाहा. दंड खांद्याच्या रेषेत, कोपर काटकोनात, तीन मिनिटं. थकवा सगळ्यांनाच येतो. मुंग्या कुठे आणि कधी सुरू होतात ते बघा.

निळीशाई:
उजवा चाळीस सेकंदांत गेला, करंगळीपासून. डावा पूर्ण तीन मिनिटं टिकला, नुसता दुखला.

फिजिओताई:
हे आकडे वेळेसकट डॉक्टरांना सांगा.