मोदेनाच्या ‘ओस्तेरिया फ्रान्चेस्काना’त आईबाबांना न्यावं का?

म्युनिककर_सई
आईबाबा सप्टेंबरात येतायत. त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होतील, म्हणून चौघं इटलीला जाणार आहोत. नवऱ्याच्या डोक्यात मोदेना आहे, शेफ मासिमो बोत्तुरांचं ओस्तेरिया फ्रान्चेस्काना. मिशेलिन या रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या पुस्तिकेचे सर्वोच्च ३ तारे, जगातल्या ५० उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत २०१६ आणि २०१८ साली पहिलं. टेबलं १२च आणि माणशी ३०० युरोंच्या वर, वाइन वेगळी. आई शाकाहारी आहे, अंडं चालतं. पैसे वाजवी वाटतात का तुम्हाला?

खादाड_नाशिककर
डोळे मिटून जा. मी २०१९मध्ये गेलो होतो. एकाच ताटलीत पार्मिजानो चीज पाच रूपांत येतं, २४ ते ५० महिने मुरलेलं. कुठे सूफ्ले, कुठे कुरकुरीत पापडी, कुठे नुसता फेस. आधी दुधाची गोडी, मग मीठ, शेवटी भाजलेल्या दाण्यांसारखी चव. चीज इतकं बोलतं हे मला तोवर माहीत नव्हतं.
आणि माणूस मोठा आहे. मे २०१२च्या भूकंपात तिथल्या चीजच्या लाखो चाकांचं, म्हणजे मोठ्या गोल लाद्यांचं, नुकसान झालं, तेव्हा ते चीज खपावं म्हणून बोत्तुरांनी पार्मिजानो घालून रिसोट्टोची, म्हणजे इटालियन मऊ भाताची, कृती दिली आणि ती लोकांनी घरोघरी केली. अशा हातचं एकदा खावंच.

ओलं_खोबरं
मी नको म्हणेन, आणि पैशांमुळे नाही. नाशिककर ज्या चीजचं कौतुक करतायत ते शाकाहारी नाही. पार्मिजानोचं दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, तसा नियमच आहे. तिथल्या तोर्तेल्लिनीतही, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्यातही, डुकराचं मांस असतं. सई, ज्यांच्यासाठी एवढा घाट घालताय त्यांच्याच ताटात काय येणार?
मोदेनाला मात्र जाच. तिथे घरांच्या माळ्यावर बाल्सामिक व्हिनेगर मुरतं. द्राक्षाचा रस आटवून तुती, चेस्टनट, चेरीच्या पिंपांत किमान १२ वर्षं, ‘एक्स्ट्रावेक्कियो’ म्हणजे जास्त जुनं असेल तर २५. त्याचा एक थेंब आइस्क्रीमवर घालून द्या आईंना. मुरांबा घालणाऱ्या बाईला ते लगेच कळेल.

खादाड_नाशिककर
रेनेटचं मान्य, माझ्या ते लक्षातच आलं नाही. पण आरक्षण करतानाच स्वयंपाकघराला कळवलं तर एवढ्या मोठ्या ठिकाणी काहीतरी तोड निघेलच. आधी आईंना विचारा तरी. आपणच परस्पर ‘तिला झेपणार नाही’ ठरवतो, हे मला पटत नाही.

ओलं_खोबरं
विचारावं हे बरोबर. पण रेनेट काय ते नीट सांगून विचारा.

म्युनिककर_सई
काल फोन केला. रेनेटचं सांगितल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मागच्या खेपेला तू पास्त्यावर किसून घालायचीस, तेच का गं?” तेच. सहा आठवडे मीच वाढत होते आणि पाकिटामागचं कधी वाचलं नव्हतं. फार वाईट वाटलं. ती रागावली नाही, उलट व्हिनेगरचं खोदून खोदून विचारत होती. बारा वर्षं मुरवायचं तर पिंपाचं तोंड कशानं बांधतात, म्हणे.
टेबल नाही घेत. व्हिनेगरच्या माळ्याला आजच मेल टाकते.