साधा गाऊन, दुपारी बाग आणि संध्याकाळी सभागृह: वधूचा साज कसा निवडावा?

प्रश्न

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले असून तिच्या साजाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. विवाहविधी दुपारी मोकळ्या बागेत आणि स्वागत समारंभ संध्याकाळी सभागृहात होणार आहे. तिने हस्तिदंती रंगाच्या जाड सॅटिनचा गाऊन पसंत केला आहे. त्याला कोपरापर्यंत बाह्या आहेत, गळा एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आडवा आहे, आणि त्यावर भरतकाम किंवा लेस अजिबात नाही. आजीचा मोत्यांचा एकपदरी हार तिने घालावा, अशी आईची इच्छा आहे. बहिणीला मात्र खड्यांचा मुकुट, लांब लोंबते कानातले आणि पायघोळ व्हेल, म्हणजे डोक्यावरून पाठीमागे सोडलेले तलम जाळीचे आवरण, हवा आहे. मला दोघींचेही म्हणणे पटते, त्यामुळे निर्णय काही होत नाही. लग्न ‘साधे पण भारदस्त’ दिसावे, एवढ्यावरच सर्वांचे एकमत आहे. अशा वेळी निवडीची सुरुवात कुठून करावी, आणि दुपार व संध्याकाळ या दोन्ही वेळांना एकच साज शोभू शकतो का?

पहिला प्रतिसाद

ताई, मी वधूवस्त्रे शिवण्याचे काम करते, त्यामुळे माझे उत्तर थोडे शिंपिणीचे वाटेल, पण सुरुवात गाऊनच्या गळ्यापासून करावी. ‘भारदस्त’ हा शब्द घेऊन दुकानात गेले की तिथली निम्मी कपाटे भारदस्तच वाटतात. गळ्याची रेषा मात्र काय चालेल आणि काय नाही हे स्पष्ट सांगते.

आडव्या गळ्याची कड गळ्याच्या हाडांना जवळजवळ समांतर जाते. मोत्यांचा नेहमीचा एकपदरी हार साधारण 17 ते 19 इंचांचा असतो आणि अशा गाऊनवर तो नेमका कापडाच्या कडेवर येऊन पडतो, म्हणजे काही मोती त्वचेवर आणि काही सॅटिनवर. मान वळवली की हार घसरतो, एका बाजूला गोळा होतो आणि प्रत्येक छायाचित्रात वेगळ्या ठिकाणी दिसतो. 14 ते 16 इंचांचा गळ्यालगतचा हार कडेच्या वर राहत असल्याने चालू शकतो, तरीही एवढ्या स्वच्छ रेषेच्या गाऊनवर गळा मोकळा ठेवणेच मला अधिक देखणे वाटते. 2018 साली मेगन मार्कल यांनी ब्रिटनचे राजपुत्र हॅरी यांच्याशी झालेल्या विंडसरच्या विवाहात असाच आडव्या गळ्याचा, कसलीही कलाकुसर नसलेला पोशाख घातला होता; गळ्यात हार नव्हता, कानांत लहान कर्णफुले होती, आणि सगळी शोभा डोक्यावरच्या हिऱ्यांच्या पट्टीला आणि कडेने भरतकाम केलेल्या सुमारे पाच मीटर लांबीच्या व्हेलला दिली होती.

आता आजीच्या हाराचे. हार गळ्यातच घातला पाहिजे असे नाही. 18 इंचांची माळ मनगटाभोवती सैलसर दोन वेढे घेते, आणि कोपरापर्यंतच्या बाह्यांमुळे तुमच्या बहिणीचे मनगट मोकळेच राहणार आहे. मात्र त्याआधी हार जाणकाराकडून तपासून घ्यावा. चांगल्या ओवणीत प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ असते. त्यामुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी सगळी माळ जमिनीवर विखुरत नाही. गाठींजवळ दोरा मळकट किंवा ताणलेला दिसत असेल, तर हार पुन्हा ओवून घ्यावा आणि त्याच वेळी हार अडकवायचा आकडाही तपासून घ्यावा.

आणखी एक, कारण हे हमखास उलट्या क्रमाने केले जाते: पादत्राणे आधी घ्यावीत आणि गाऊनची खालची दुमड त्यानंतर घालावी. दुमड घालून झाल्यावर टाचेची उंची बदलली, तर कापड एकतर पायात येते किंवा घोट्यावर आखूड दिसते. बागेतल्या हिरवळीत बारीक टाच रुतते, म्हणून रुंद टाच किंवा सपाट तळ निवडावा.

दुसरा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादातील गळ्याचा मुद्दा मान्य आहे. सुरुवात तिथून करावी, हे मात्र मला पटत नाही. आधी जागा पाहावी. मोकळ्या बागेत वारा असेल तर पायघोळ व्हेल पाठीमागे कोणीतरी सतत धरून उभे राहावे लागते, आणि गवतावरून ओढत नेलेल्या तलम जाळीत काड्या व पाने अडकतात. बोटांच्या टोकांपर्यंत येणारा व्हेल तिथे पुरेसा होईल. मुकुटाबद्दल बहिणीचा फारच आग्रह नसेल तर खऱ्या फुलांचा विचार करावा. राणी व्हिक्टोरिया यांनीही 1840 साली स्वतःच्या विवाहात मुकुटाऐवजी संत्र्याच्या फुलांची माळ डोक्यावर घातली होती, तेव्हा फुलांमुळे भारदस्तपणा कमी होईल अशी भीती बाळगायचे कारण नाही.

तिसरा प्रतिसाद

मी वधूंची केशरचना करते. वरील दोन्ही प्रतिसादांत दिसण्याचा विचार झाला आहे. अनेक तास अंगावर बाळगण्याचा विचारही तितकाच आवश्यक आहे.

लांब, जड कानातले पहिल्या तासात सुंदर दिसतात; संध्याकाळपर्यंत कानाची पाळी ओढली जाऊन फिरकी खाली झुकते आणि कानातल्याचा दर्शनी भाग जमिनीकडे पाहू लागतो. म्हणून कानातले आरशात पाहून नव्हे, घरी दोन-तीन तास घालून निवडावेत. मुकुटाची चाचणीसुद्धा केशरचनेच्या सरावाच्या दिवशीच करावी. तो नुसता केसांवर टेकवून चालत नाही. त्याच्या दोन्ही टोकांच्या कड्यांतून पिना घालण्यासाठी खाली घट्ट वेणी किंवा पिंजून भरीव केलेले केस लागतात. व्हेल मात्र मुकुटाला न जोडता स्वतंत्र कंगव्यावर, अंबाड्याच्या वर किंवा खाली लावावा. तसे केल्यास विधीनंतर तो अलगद काढता येतो आणि केशरचना विस्कटत नाही.

दुपार आणि संध्याकाळ यांचे उत्तर मला प्रकाशात सापडते. पैलूदार खडे लहान, तीव्र दिव्यांखाली चमकतात. ढगाळ आकाशाखाली किंवा सावलीत त्यांची चमक पुष्कळ उतरते. मोत्यांची झळाळी मात्र त्या मवाळ उजेडातच खुलते. त्यामुळे दुपारी मनगटावर आजीचे मोती, कानांत मोत्यांचीच लहान कर्णफुले आणि व्हेल. संध्याकाळी व्हेल काढून मुकुट आणि हवे असलेले लोंबते कानातले, असा बदल सहज करता येईल. आईचे आणि बहिणीचे, दोघींचेही मन राखले जाईल, आणि जड वस्तू अंगावर निम्माच वेळ राहतील. केसांवरचा फवारा, अत्तर आणि प्रसाधन पूर्ण झाल्यावरच मोती घालावेत व काढल्यावर मऊ, कोरड्या कापडाने पुसावेत, कारण मोत्याचा पृष्ठभाग मऊ असतो आणि ही रसायने व घाम यांमुळे त्याची झळाळी मंदावते.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन वेळांचे दोन साज ही कल्पना घरी सर्वांना आवडली आणि आईने मनगटावरच्या मोत्यांना संमती दिली आहे. फक्त हाराचा आकडा पिवळ्या सोन्याचा आहे आणि बहिणीने पाहिलेला मुकुट चांदीसारख्या पांढऱ्या धातूचा आहे. हे दोन रंग एकत्र विजोड दिसतील का?

पहिल्या प्रतिसादकर्तीचे उत्तर

आकड्यापुरते सोने मनगटाच्या आतल्या बाजूला वळवले की दिसणारही नाही, तेव्हा त्याची चिंता नसावी. मला शंका मुकुटाच्या धातूपेक्षा त्याच्या खड्यांची आहे. हस्तिदंती सॅटिनशेजारी अतिशय शुभ्र, निळसर झाक असलेले खडे ठेवले की गाऊन जुनाट, पिवळट वाटू लागतो. किंचित उबदार झाकेचे खडे त्याच कापडाशी छान मिसळतात. गाऊनच्या कापडाचा तुकडा शिंप्याकडून मागून घ्या आणि मुकुट विकत घेण्यापूर्वी तो तुकडा त्याखाली धरून, एकदा खिडकीजवळच्या उजेडात आणि एकदा दिव्याखाली, पाहून घ्या. लोंबते कानातले मात्र मुकुटाच्याच धातूचे असू द्यावेत, कारण ते दोन्ही चेहऱ्याजवळ एकाच चौकटीत दिसतात.