टॅलेंट शो जिंकणं सोल गायकाला मानवतं का? टेलर हिक्स आणि फँटेशिया

खर्ज
अमेरिकन आयडॉल हा प्रेक्षकांच्या मतांवर विजेता ठरवणारा टीव्ही शो जिंकून टेलर हिक्सचं नुकसानच झालं, असं माझं ठाम मत आहे. मे २००६मध्ये तो जिंकला तेव्हा २९ वर्षांचा होता. अलाबामाचा, हार्मोनिका वाजवत गाणारा, स्वतःच्या हिमतीवर आधीच अल्बम काढलेला. विजेत्यासाठी ठरलेलं 'डू आय मेक यू प्राउड' बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलं, पण त्यात सोल (चर्चच्या गाण्यातून आलेली कृष्णवर्णीय अमेरिकनांची भावभरी गायकी) कुठे होतं? सोलचा जीव ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळण्यात, कोरसशी चाललेल्या सवालजवाबात आणि शेवटी एकच ओळ घोळवत चढवत नेण्यात असतो. टीव्हीवर गाण्याला मिळतात दीड-दोन मिनिटं. काटछाटीत घोळवणं आधी जातं, उरतो फक्त उंच सूर. लोक मत देतात त्या सुराला. मग पुढच्या अल्बमला गिऱ्हाईक कुठून येणार? डिसेंबर २००६च्या अल्बमच्या पहिल्या आठवड्यात सुमारे ३ लाख प्रती गेल्या, आणि २००८ उजाडताच अरिस्टा या रेकॉर्ड कंपनीशी नातं संपलं.

तिहाई
अजिबात पटलं नाही. २००४ची विजेती फँटेशिया घ्या. तिचंही विजेतेपदाचं गाणं असंच साच्यातलं होतं आणि तेही थेट पहिलं आलं. पण २००७मध्ये 'व्हेन आय सी यू' आर अँड बी (रिदम अँड ब्लूज, सोलच्या घराण्यातलंच संगीत) या प्रकाराच्या यादीत अव्वल ठरलं आणि २०११मध्ये 'बिटरस्वीट'साठी ग्रॅमी मिळालं. फरक इतकाच की तिने पॉपच्या श्रोत्यांचा नाद सोडला आणि आर अँड बी रेडिओ धरला. तिथला श्रोता टीव्हीवरच्या मतांवर अवलंबून नसतो.

खर्ज
तिच्याच पर्वात सातवी आलेली जेनिफर हडसन बघा. विजेत्याचं गाणं तिच्या गळ्यात पडलं नाही. फँटेशियाचा अल्बम जिंकल्यावर सहाच महिन्यांत बाजारात आला. हडसनचा आला २००८मध्ये, तोवर 'ड्रीमगर्ल्स' सिनेमासाठी ऑस्करही हातात होतं. गाणी निवडायला, आवाजाचा पोत ठरवायला चार वर्षं मिळाली.

तिहाई
त्या चार वर्षांत तो सिनेमा मिळाला नसता तर? एका हडसनवरून नियम काढू नका. विजेत्याला रेकॉर्डिंग तरी हमखास मिळतं.

जमाखर्च
दोघेही पैशाचं बोलत नाही आहात. करारात आगाऊ रक्कम आणि रेकॉर्डिंगचा खर्च गायकाच्या रॉयल्टीतून वळता होतो. निव्वळ उदाहरणादाखल: हे मिळून ५ लाख डॉलर झाले आणि रॉयल्टी प्रतीमागे दीड डॉलर असली, तर सुमारे ३,३३,००० प्रती खपेपर्यंत गायकाला रॉयल्टीचा एक पैसाही दिसत नाही. व्हिडिओच्या खर्चाचा वाटा बहुधा याच खात्यात पडतो. शोच्या गर्दीमुळे पहिली वसुली उरकते, अडतं दुसऱ्या अल्बमला. हिक्सने २००९चा 'द डिस्टन्स' स्वतःच्या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीवर) काढला, तो माझ्या मते शहाणपणाच होता: प्रती कमी खपल्या तरी मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची मालकी, आपल्याकडे राहतं. फँटेशियाने हेच २०१९च्या 'स्केचबुक'ला केलं. एवढा उशीर व्हायला नको होता.

तिहाई
मास्टर ठीक, पण प्रसिद्धीही मग स्वतःच्याच खिशातून. शोमुळे मिळालेलं नाव नसतं तर तो खर्च पेलला असता का?

काळी दोन
गळ्याचा हिशेब कुणीच मांडला नाही. एप्रिल २००७पासून फँटेशिया ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर) 'द कलर पर्पल' या संगीत नाटकात सीली ही मुख्य भूमिका करत होती. आठवड्याला आठ प्रयोग, आणि भूमिका अशी की बाई जवळजवळ सतत रंगमंचावर. तिची गायकी छातीच्या जोरावर, चर्चमधल्या हाकेसारखी. असं गाताना स्वरतंतू जोराने आपटतात, सुजतात. सूज उतरायला मौन लागतं, आणि प्रयोगांच्या वेळापत्रकात ते बसत नाही. घसा बिघडला, बरेच प्रयोग चुकले. नाटकाच्या गायिकांना हा भार वाटून घ्यायची तालीम मिळते: कुठे आवाज डोक्यात न्यायचा (छातीचा जोर सोडून हलका लावायचा), कुठे पुरवून वापरायचा. स्पर्धा नेमकं उलटं शिकवते, आठवड्याला एकच गाणं आणि त्यात सगळं ओतून मोकळं व्हायचं. तरीही २०२३च्या सिनेमात तीच सीली तिने पुन्हा केली, आणि तिथे आठवड्याला आठ प्रयोग नव्हते.