बाबांच्या दुकानातली ‘आ-हा’वाली तबकडी

घड्याळजींची लेक, म्हापसा

नमस्कार. माझ्या बाबांचं म्हापशाच्या बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. स्प्रिंग बसवता येणारा माणूस म्हणून लोक चावीचे ग्रामोफोनही त्यांच्याकडेच आणत, विशेषतः शुक्रवारी. बार्देशातले तारवटी बोटीवरून रजेवर आले की ट्रंकेतून तबकड्या घेऊन येत, आणि दुरुस्तीचे पैसे कमी पडले तर एखादी बाबांकडे ठेवून जात. अशा सात तबकड्या परवा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडल्या.

त्यातल्या दोनांबद्दल विचारायचं आहे. एक ट्विन कंपनीची, गाणारा जिमी रॉजर्स. दुसरी लाल लेबलची कोलंबिया. ‘न्यू सॅन अँटोनियो रोज’, बॉब विल्स अँड हिज टेक्सास प्लेबॉइज. ही दुसरी लहानपणापासून माझ्या कानात आहे. रविवारी जेवणं आटोपली की बाबा चावी भरायचे. गाणं रंगात आलं की मध्येच कुणीतरी वरच्या पट्टीत ‘आ-हाऽऽ’ करून ओरडायचा, आणि डोळ्यावरचं भिंग न काढता बाबाही तस्सेच ओरडायचे. एरवी त्यांचा चढलेला आवाज घरात कधी कुणी ऐकला नाही.

हा ओरडणारा कोण? आणि तबकडीला इजा न होता ती पुन्हा ऐकायची कशी? सातांपैकी एक मी हँड सॅनिटायझरने पुसली. ती पांढुरकी, चिकट झाली आणि फडक्याला काळं लागलं. तेव्हापासून बाकीच्यांना हात लावायची भीती वाटते.

•

लाखेची तबकडी, फोंडा

ताई, सॅनिटायझर, स्पिरिट, कोलोन यातलं काहीही परत लावू नका. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, तबकडी लाखेची असते. सुतार चपडी लाख स्पिरिटात विरघळवून फर्निचरला पॉलिश करतात, तेच तुमच्या तबकडीचं झालं. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळलेली असते, ती फडक्याला आली. त्या तबकडीचं आता काही करता येणार नाही, पण उरलेल्या सहा नक्की वाचतील.

डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीत घालतात ते. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. लेबलावर पाणी जाऊ द्यायचं नाही. मग नुसत्या पाण्याने धुऊन सुती कापडाने टिपा आणि सावलीत उभ्या वाळवा. उन्हात ठेवली तर वाकेल. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरतेच, ती या धुण्याने बरीच निघते. ठेवतानाही उभ्याच ठेवा. आडव्या चळतीत सगळ्यात खालची तडकते.

चावीच्या ग्रामोफोनवर लगेच लावू नका. त्याचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरणारा डबा, जड असतो, आणि पोलादी सुई दर बाजूला नवी लागते. जुनी सुई दुसऱ्यांदा वापरली की खाचा खरवडते. एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या प्लास्टिकच्या तबकड्यांच्या, प्लेअरवरही नको. एलपीच्या सुईचं टोक साधारण २५ मायक्रॉनचं, ७८ ला ७५ च्या आसपासचं लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते, कानाला नुसती खरखर येते. माझ्याकडे योग्य सुई आहे. फोंड्याला या, रेकॉर्डिंग करून देतो.

आता जिमी रॉजर्स. ट्विन हे ग्रामोफोन कंपनीचंच स्वस्तातलं लेबल. रॉजर्स मिसिसिपीतल्या मेरिडियनचा, रेल्वेत ब्रेक्समन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा, होता. क्षयाने नोकरी सुटली. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीचा राल्फ पीअर टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात यंत्र मांडून बसला होता. तिथे १ ऑगस्टला कार्टर कुटुंब गायलं आणि ४ ऑगस्टला रॉजर्स. अमेरिकन कंट्री संगीताची गोष्ट बहुतेक जण या दोन तारखांपासून सुरू करतात. पुढची सहाच वर्षं त्याच्या वाट्याला आली. १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगने त्याच्या एका तबकडीत ट्रम्पेट वाजवला. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला शेवटची गाणी भरताना तो दोन गाण्यांच्या मध्ये स्टुडिओतल्या खाटेवर पडून राहायचा. २६ मे रोजी गेला, वय ३५. त्या तबकड्या मी खोकल्याकडे कान ठेवून ऐकतो. खोकला कुठेच नाही, फक्त श्वास आखूड झालेला कळतो.

•

पणजीकर

जिमी रॉजर्स म्हणजे यॉडल करणारा, म्हणजे गाताना गळा मोडून आवाज झटकन वरखाली नेणारा, तोच ना? किशोरकुमारने यॉडलिंग त्याच्या आणि टेक्स मॉर्टनच्या तबकड्या ऐकून उचललं असं म्हणतात. ताईंची ट्विन मलाही ऐकायची आहे.

•

रेबेकवाला, मडगाव

बाय, ओरडणारा खुद्द बॉब विल्स. टेक्सासचा. बाप फिडल वाजवायचा, हाही फिडलच वाजवायचा. फिडल म्हणजे व्हायोलिन, आपलं गोव्यातलं रेबेक. मी ते शिकलो इगर्जीच्या (चर्चच्या) मेस्त्रींकडे, म्हणजे संगीतशिक्षकांकडे, आणि चाळीस वर्षं लग्नांत वाजवलं, म्हणून या माणसाबद्दल मला फार माया आहे.

यांच्या संगीताला वेस्टर्न स्विंग म्हणतात. गावातल्या नाचाच्या फिडलच्या चाली घेतल्या, त्यांना जॅझ बँडचा ठेका दिला आणि वर स्टील गिटार, म्हणजे तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवायची गिटार. फोर्ट वर्थच्या मिल्टन ब्राऊनने आधी वाट पाडली. त्याच्या बँडमधल्या बॉब डनने १९३५ च्या जानेवारीत स्टील गिटारला वीज जोडून तबकडी भरली. ब्राऊन १९३६ मध्ये मोटार अपघाताने गेला. विल्सने तल्सा शहरात रेडिओ आणि नाचाचा हॉल दोन्ही गाजवले.

त्या ओरडण्याची हकीकत अशी सांगतात. १९३५ मध्ये डॅलसला विल्सच्या या बँडचं पहिलं ध्वनिमुद्रण होतं. तबकडी कंपनीचे सॅदर्ली म्हणाले, मध्ये ओरडू नका, आवाज झाकला जातो. विल्सने बँडला सामान आवरायला सांगितलं. म्हणाला, मी येतो तो ओरडण्यासकट, नाहीतर येत नाही. शेवटी सॅदर्लींनी ऐकलं. नाचणाऱ्यांसमोर ज्याने वाजवलं आहे त्याला हे समजेल. हात गुंतलेले असतात, साथीदाराने छान जागा घेतली तर दाद तोंडानेच द्यावी लागते. भजनात पखवाजवाल्याला आपण देतो तशीच.

एक सांगून ठेवतो. तुमच्या तबकडीत रेबेक शोधू नका. ही चाल त्यांनी १९३८ मध्ये बिनशब्दांची वाजवली, त्यात फिडल आहे. तुमची १९४० ची. टॉमी डंकन गातो, मागे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. लोकांना हीच जास्त आवडली. मला विचाराल तर १९३८ ची.

•

घड्याळजींची लेक, म्हापसा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल फोंड्याला जाऊन आले. तबकडी दोन पुठ्ठ्यांत बांधून कदंबाच्या गाडीत मांडीवर धरली होती. दादांनी धुतली, सुई बदलली आणि लावली. मडगावच्या काकांचं खरं निघालं, रेबेक नाही. मी मात्र इतकी वर्षं रेबेक आहे असंच धरून चालले होते. ओरडणं आलं तेव्हा दादांच्या आई आतून बाहेर आल्या, कोण आलं म्हणून. मला बोलताच येईना.

निघताना दादांनी तबकडीचं खाकी पाकीट उजेडात धरलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने बाबांच्या अक्षरात लिहिलंय: ‘शिवोली. स्प्रिंग. २॥ रु. बाकी.’ बाकी चुकती झाली की बाबा वर आडवी रेघ मारायचे. इथे रेघ नाही. म्हणजे तबकडी तारण होती, आणि ठेवणारा परत आला नाही.

शिवोलीत कुणाच्या आजोबांनी म्हापशाच्या घड्याळवाल्याकडे तबकडी ठेवल्याचं घरी ऐकलं असेल, तर इथे लिहा. अडीच रुपये नकोत.