खान्देशातल्या पोरांनी उपग्रह करावा का?

रावेरचा केळीवाला: पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केलेला 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेला. वजन साधारण एक किलो, म्हणजे आमच्या घडाच्या एका फणीएवढंही नाही. त्याच सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा 'प्रथम' गेला. मग जळगावचं विद्यापीठ आणि धुळे-नंदुरबारची कॉलेजं मिळून एक का करू नये? २०१० चा 'स्टडसॅट' बंगळुरू-हैदराबादच्या कॉलेजांनी मिळूनच केला होता. रॉकेट आपल्याला बनवायचं नाहीये, दहा सेंटीमीटरचा ठोकळा बनवायचा आहे.

तापीकाठ: भो, ठोकळा दहा सेंटीमीटरचा, फ्लेक्स दहा फुटांचा! 'स्वयम्'चं काम २००८ ला सुरू झालं, उडाला २०१६ ला. इंजिनिअरिंग चार वर्षांचं. म्हणजे सुरू करणारी पोरं उडायच्या वेळी कुठंतरी नोकरीत. आमच्या कॉलेजात सीनियरांनी सोलरची गाडी केली होती. बॅच पास झाली, गाडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कुणाकडे ते आजतागायत कळलेलं नाही. वायरिंगचा साधा कागदही कुणी ठेवला नव्हता. आधी वही लिहायची सवय लागू दे.

भुसावळ जंक्शन: तुन्हं म्हणनं बरोबर शे भाऊ. आमची गाडी पण कपाटातच शे.

एरंडोलचा हॅम: दोघंही सोडण्यापाशीच थांबलात. सोडणं म्हणजे लग्न, पुढचा संसार कोण करणार? पाचशे-सहाशे किलोमीटरवरचा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत एक फेरी मारतो, पण आपल्या आभाळात एका वेळी जेमतेम दहा-बारा मिनिटं दिसतो. तेही दिवसा-रात्री मोजून काही वेळा. तेवढ्यात अँटेना फिरवायची, बॅटरीचे आकडे उतरवायचे, हुकूम पाठवायचा. वर येताना आणि जाताना त्याच्या सिग्नलचा सूर सरकतो: गाडी शिट्टी वाजवत फलाटावरून जाते तसा. ४३७ मेगाहर्ट्झवर हा फरक दोन्ही बाजूंना दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो, तेवढं ट्यूनिंग सतत बदलावं लागतं. पहाटे तीनच्या पासला, म्हणजे उपग्रह आपल्यावरून जातो त्या वेळी, गच्चीवर कोण बसणार? हौशी रेडिओच्या, म्हणजे आम्हा हॅम लोकांच्या पट्ट्यात काही पाठवायचं तर परीक्षा देऊन परवाना लागतो, तो किती पोरांकडे आहे?

ऐकायला मात्र ती परीक्षा लागत नाही, आणि मिटिऑर हे रशियन हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झवर फोटो टाकत जातात. अँटेना म्हणून ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या, प्रत्येकी अर्ध्या मीटरहून जरा लांब, १२० अंशांत व्ही करून बसवायच्या, एक एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ), जुना लॅपटॉप. वर्षभर हे करा, मग बोलू.

रावेरचा केळीवाला: हॅमदादा, 'आधी अँटेना' म्हणत दहा वर्षं अँटेनाच राहते. पोरगं पहाटे तीनला उठेल ते स्वतःच्या उपग्रहासाठी. रशियाच्या ढगांसाठी कोण झोप मोडतं? आणि साधेपणातही डोकं लागतं. 'स्वयम्'ला दिशा धरायला मोटर नव्हती. आत कायमचा चुंबक, तो पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून वळतो, आणि डोलणं जिरवायला खास लोखंडाच्या कांड्या. वीज शून्य. ही अक्कल दुसऱ्याचा सिग्नल ऐकून येत नाही.

तापीकाठ: आणि रॉकेटच फसलं तर? शाळकरी मुलींनी केलेला 'आझादीसॅट' ७ ऑगस्ट २०२२ ला इस्रोच्या एसएसएलव्ही रॉकेटबरोबर वाया गेला.

रावेरचा केळीवाला: आणि दुसरा १० फेब्रुवारी २०२३ ला पोचला. पुढचं वाक्य तू गिळलंस.

नंदुरबारची ताई: मधली वाट आहे ना. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा आता वर गेल्यावर 'पोएम' म्हणून प्रयोगांना वापरतात. वीज त्याचीच, दिशा सांभाळणंही त्याच्याकडे, आपण फक्त आपलं यंत्र द्यायचं. आठ वर्षं लागणार नाहीत, म्हणजे तीच बॅच शेवटपर्यंत राहील. मुलींच्या होस्टेलचं दार मात्र रात्री नऊला बंद होतं. पहाटेच्या पासचं काय करणार, ते तुम्ही पुरुष मंडळींनी कुणीच विचारलं नाही.

एरंडोलचा हॅम: ताई, हे खरंच सुटलं होतं. अँटेना होस्टेलच्याच गच्चीवर लावा, वायर मी देतो.

भुसावळ जंक्शन: गच्चीची किल्ली कोणाकडे शे?